वर्दी घालायची असेल तर क्रिमिनॉलॉजी शिका, पण भरतीसाठी नको

ॲडमिशनचे दिवस आले की मला हमखास एक प्रश्न येतो, शब्द थोडे इकडचे तिकडे पण प्रश्न तोच. "मॅडम, मला पोलिसात जायचंय, मग क्रिमिनॉलॉजी घेऊ ना?" विचारणाऱ्याने मनात उत्तर आधीच ठरवलेलं असतं, त्याला माझ्याकडून फक्त हो ऐकायचं असतं. आणि मी हो म्हणतेच, पण त्या हो ला लागून एक लांबलचक पण असतो, तो ऐकायला फार कमी जण थांबतात, म्हणून तो आज सगळा इथे लिहून काढतेय.

आधी जे सरळ सांगता येतं ते सांगून टाकते. क्रिमिनॉलॉजीची, म्हणजे गुन्ह्यांच्या अभ्यासाची, ही डिग्री म्हणजे पोलिस ट्रेनिंग नव्हे. धावणं, हत्यार चालवणं, गाडी चालवणं, अटक करताना कायद्याने काय काय पाळावं लागतं, हे सगळं भरती झाल्यावर ॲकॅडमीत शिकवतात आणि ते तिथेच शिकायचं असतं. भरतीसाठी क्रिमिनॉलॉजीच पाहिजे असंही सहसा नसतं, कुठे कुठलीही पदवी चालते, कुठे शाळा पूर्ण केलेली पुरते. नॉर्वेत पोलिस व्हायला तीन वर्षांची बॅचलर डिग्री लागते, पण ती पोलिसांच्याच युनिव्हर्सिटी कॉलेजची, बाहेरच्या क्रिमिनॉलॉजीची नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये नव्याने येणारा प्रत्येक पोलिस पदवीच्या तोडीचं शिकलेला असावा असं धोरण आणलं गेलं आणि २०२२ मध्ये सरकारने सांगितलं की पदवी नसलेल्यांसाठीही एक वाट ठेवणार. म्हणजे पोलिसाला डिग्री पाहिजे का या प्रश्नावर अजून मोठमोठ्या देशांचंच एकमत नाही. तेव्हा जिथे अर्ज करणार आहात तिथले भरतीचे नियम स्वतः वाचा, कुणाच्या सांगण्यावर तीन वर्षं लावू नका.

आणि एक मोठा गैरसमज. रक्ताचे डाग, बोटांचे ठसे, डीएनए, हे फॉरेन्सिक सायन्स आहे, त्याला केमिस्ट्री-बायोलॉजी लागते. क्रिमिनॉलॉजी हा समाजशास्त्राच्या घरातला विषय आहे, गुन्हे का होतात, कुठे होतात, कोण करतं, कोण थांबतं आणि आपण जे उपाय करतो त्यांनी खरंच काही होतं का, हे प्रश्न त्याचे. मायक्रोस्कोपच्या आशेने आलेली मुलं पहिल्या सेमिस्टरमध्ये सर्व्हे आणि टेबलं बघून हिरमुसतात, त्यांचं मला खरंच वाईट वाटतं कारण त्यांना कुणी नीट सांगितलेलंच नसतं.

मग मी हो का म्हणते?

कारण पोलिसाच्या हातात जी सगळ्यात धोकादायक गोष्ट असते ती बंदूक नसते, तो त्याचा अंदाज असतो. रस्त्यात कुणाला थांबवायचं, कुणाचं ऐकायचं, कोण खोटं बोलतोय, कुठली तक्रार खरी आणि कुठली उगाच केलेली, हे दिवसातून पन्नास वेळा अंदाजानेच ठरतं, दुसरा मार्गच नसतो, वेळच नसतो तेवढा. आणि हा अंदाज कधी दगा देतो हे शिकवणारा विषय म्हणून मला क्रिमिनॉलॉजी पाहिजे. वर्दी मिळवून द्यायला नाही, वर्दी अंगात आल्यावर स्वतःच्या डोक्यावर नजर ठेवायला.

एक उदाहरण घ्या, खोटं ओळखणं. कुठल्याही अनुभवी अधिकाऱ्याला विचारा, तो म्हणेल मला समोरच्याच्या डोळ्यात बघून कळतं. तो खोटं सांगत नसतो, त्याला मनापासून तसं वाटतं. पण यावर झालेले शेकडो प्रयोग एकत्र करून २००६ मध्ये हिशोब मांडला गेला तेव्हा माणसं सरासरी ५४ टक्के वेळा बरोबर निघाली. नाणं उडवलं तर ५० टक्के येतात. आणि ज्यांचा हा रोजचा धंदा आहे, पोलिस वगैरे, ते सामान्य माणसांपेक्षा काही फार सरस निघाले नाहीत. आता हे माहीत नसलेला अधिकारी चौकशीला बसतो, समोरचा घाबरलाय, नजर चुकवतोय, हात चोळतोय, म्हणजे हाच गुन्हेगार, असं पहिल्या पाच मिनिटात ठरवतो आणि मग पुढचे सगळे प्रश्न कबुली काढण्यासाठी विचारतो, माहिती काढण्यासाठी नाही. इंग्लंडमध्ये अशाच कबुल्यांवर निरपराध माणसं पंधरा-सोळा वर्षं तुरुंगात राहिली, बॉम्बस्फोटांच्या खटल्यांत चुकून दोषी ठरलेले गिलफर्ड फोर नावाने ओळखले जाणारे चौघे १९८९ मध्ये सुटले, बर्मिंगहॅम सिक्स म्हणजे तसेच सहाजण १९९१ मध्ये. त्यानंतर तिथे चौकशीची पद्धतच बदलली, १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला पीस नावाचं मॉडेल आणलं, ज्यात आधी समोरच्याला त्याचं म्हणणं पूर्ण सांगू द्यायचं आणि मग पुराव्याशी ताडून बघायचं. हा बदल करताना मानसशास्त्राचा अभ्यास कामाला आला. नुसत्या अनुभवातून तो आपोआप आला असता असं मला वाटत नाही.

इथेच जुन्या अधिकाऱ्यांशी माझा वाद होतो, आणि मी त्यांचा आदर ठेवून वाद घालते कारण त्यांना जे माहीत आहे ते मला कधीच कळणार नाही. रागाने पेटलेल्या जमावात आवाज किती चढवायचा, रडणाऱ्या आईशी काय बोलायचं, दारामागे काहीतरी गडबड आहे हे कसं जाणवतं, हे वर्गात शिकता येत नाही. ते म्हणतात, पोरींनो पोरांनो, रस्ता शिकवतो. बरोबर आहे, शिकवतो, पण अर्धंच शिकवतो. बरोबर निघालेला अंदाज अधिकाऱ्याच्या डोळ्यासमोर सिद्ध होतो, माल सापडतो, आरोपी सापडतो, शाबासकी मिळते. चुकलेला अंदाज मात्र परत येऊन कधी सांगत नाही की बाबा तू चुकलास. ज्याला सोडून दिलं तो खरंच चोर होता का, जिची तक्रार उगाचची म्हणून घेतली नाही तिच्याबरोबर पुढे काय झालं, हे कळायला काही सोयच नसते. शिवाय पोलिसाला भेटतात ते पकडले गेलेले गुन्हेगार, न पकडले गेलेले कसे असतात हे त्याला कसं कळणार? म्हणजे वीस वर्षांच्या अनुभवात बरोबर ठरलेल्यांची यादी लांबत जाते, चुकांची वही कोरी राहते, आणि आत्मविश्वास तेवढा वाढत जातो. यात त्या माणसाचा दोष नाही, कामाची रचनाच तशी आहे. ती कोरी वही भरायची असेल तर बाहेरून कुणीतरी मोजायला लागतं.

मोजण्याचं काय होतं त्याची गोष्ट विद्यार्थ्यांना मी पहिल्याच आठवड्यात सांगते. अमेरिकेत कॅन्सस सिटीमध्ये १९७२-७३ मध्ये पोलिसांनी स्वतःच एक धाडस केलं. गस्तीच्या गाड्या फिरत राहिल्या की गुन्हे कमी होतात हे सगळ्यांनाच पटलेलं होतं, त्यात विचारण्यासारखं काय आहे? तर त्यांनी १५ बीट, म्हणजे गस्तीचे भाग, घेतले, पाच-पाचचे तीन गट केले, एका गटात नेहमीइतकी गस्त, एकात दुप्पट-तिप्पट, आणि एकात गस्तच नाही, फोन आला तरच जायचं. वर्षभर चाललं. गुन्ह्यांच्या आकड्यात फरक दिसला नाही, लोकांना वाटणाऱ्या भीतीतही नाही, आणि बऱ्याच रहिवाशांना तर आपल्या भागातली गस्त वाढली की कमी झाली हेही कळलं नव्हतं. या प्रयोगावर टीकाही झाली, बीट फारच कमी होते वगैरे, आणि ती टीकाही शिकायची असते. पण गंमत पुढे आहे. मिनियापोलिस या दुसऱ्या अमेरिकन शहरात एका वर्षात पोलिसांना आलेले सव्वातीन लाखांच्या आसपास कॉल पत्त्यानुसार लावून बघितले तर शहरातल्या साधारण ३ टक्के पत्त्यांवरूनच निम्मे कॉल येत होते. मग त्या ठिकाणांवरच गस्त वाढवून बघितली तर तिथे फरक पडला. म्हणजे गस्त निरुपयोगी नव्हती, सगळीकडे सारखी पसरलेली गस्त निरुपयोगी होती. आज अशा ठिकाणांसाठी हॉटस्पॉट हा शब्द कुठल्याही पोलिस मीटिंगमध्ये सहज वापरला जातो, पण त्यामागे कुणीतरी "आपल्याला जे पटलंय ते खरं आहे का" असं विचारलं होतं हे फार कमी जणांना माहीत असतं.

आता एक अगदी जवळून पाहिलेली गोष्ट. शेवटच्या वर्षाच्या एका मुलीला मी दुचाकी चोरीच्या तक्रारींचा एक गठ्ठा दिला होता, नावं-पत्ते काढून टाकलेला. काम सोपं, किती वाजता चोऱ्या होतात ते काढ. तिने दोन दिवसांत ग्राफ आणला, रात्री ११ ते १ ला उंच टेकाड, आणि खाली वाक्य, या वेळेत गस्त वाढवावी. दिसायला छान होतं. मी म्हटलं, आता मूळ तक्रारी एकेक करून वाच. ती टेबलावर कागद पसरून बसली आणि संध्याकाळपर्यंत तिचा चेहराच बदलला. जवळजवळ प्रत्येक तक्रारीत मजकूर असा होता की रात्री आठला गाडी लावली, सकाळी साडेसहाला बघितली तर नव्हती. म्हणजे चोरी या साडेदहा तासांत कधीही झाली असेल. पण फॉर्ममध्ये वेळेचा रकाना एकच, त्यात एकच आकडा बसतो, मग लिहिणाऱ्याने आपल्या मनाने मधली वेळ टाकून दिली होती. कुणी अकरा, कुणी बारा. ते टेकाड चोरांनी केलेलं नव्हतंच, त्या रकान्याने केलेलं होतं.

मग तिने प्रत्येक चोरी तिच्या पूर्ण कालावधीवर थोडी थोडी वाटून टाकली, याला अ‍ॅओरिस्टिक अ‍ॅनालिसिस म्हणतात, नाव अवघड आहे पण हिशोब शाळेतल्या अपूर्णांकांचा आहे. साडेदहा तासांची चोरी असेल तर प्रत्येक तासाला तिचा साधारण दहावा हिस्सा. ते टेकाड बसलं. रात्रभर जवळजवळ सपाट, आणि ज्या थोड्या तक्रारींमध्ये कालावधी लहान होता, तासाभराचा, दीड तासाचा, त्या सगळ्या संध्याकाळच्या निघाल्या. आता विचार करा, त्या पहिल्या ग्राफवर एखाद्या तुकडीला महिनाभर मध्यरात्री जागं ठेवलं असतं. माणसं दमली असती, चोऱ्या तेवढ्याच राहिल्या असत्या, आणि शेवटी कुणीतरी म्हटलं असतं की पोलिस कामचुकार आहेत.

ही मुलगी पुढे पोलिसात गेली तर ती जास्त वेगाने धावणार नाही. पण आकडा समोर आला की तो कुणी लिहिला, कशासाठी लिहिला, काय बघून लिहिला हे ती विचारेल, आणि आजच्या काळात ते फार गरजेचं आहे, कारण आता तोच आकडा सॉफ्टवेअरमध्ये जातो आणि सॉफ्टवेअर सांगतं उद्या गुन्हा कुठे होईल. पण नोंद तिथेच जास्त होते जिथे पोलिस जास्त फिरतात, मग सॉफ्टवेअर परत तिथेच पाठवतं, परत तिथेच नोंद वाढते. लॉस एंजेलिस पोलिसांनी प्रेडपॉल नावाचं असं सॉफ्टवेअर बरीच वर्षं वापरून २०२० मध्ये बंद केलं. मशीन निःपक्षपाती असतं असं मानणारा अधिकारी आणि डेटा कुठून आला ते विचारणारा अधिकारी, यातला दुसरा मला माझ्या वस्तीत हवाय.

आता माझी युनिव्हर्सिट्यांबद्दलची तक्रार. जाहिरातीत भिंग, हातकड्या, पिवळी टेप, आणि कोर्स बघाल तर रिसर्च मेथड्स आणि स्टॅटिस्टिक्स कुठेतरी कोपऱ्यात, बऱ्याचदा जमेल तसं उरकलेलं. मुलं त्या पेपरला घाबरतात हे मला माहीत आहे, मीही घाबरले होते, पण बाकीचे पेपर एकवेळ राहिले तरी चालेल, हा नाही राहिला पाहिजे. थिअरींची नावं पाठ करून, कोणी कधी काय म्हटलं हे लिहून मार्क मिळतात, आणि मग तो मुलगा ॲकॅडमीत जातो तेव्हा सीनियर लोक विचारतात काय शिकलास, तो दोन-तीन नावं सांगतो आणि सगळे म्हणतात याचा उपयोग काय. त्यांचं चुकत नाही.

थिअरी नको असं माझं म्हणणं नाहीये हं. साधी रूटीन ॲक्टिव्हिटीची कल्पना बघा, १९७९ मध्ये मांडलेली, गुन्हा व्हायला इच्छा असलेला माणूस, सोपं सावज आणि राखणदार नसणं या तिन्ही गोष्टी एका वेळी एका जागी याव्या लागतात. हे डोक्यात बसलं की प्रत्येक वेळी फक्त माणूस शोधत बसत नाही, जागा बदलता येईल का, राखण करता येईल का हेही दिसायला लागतं. थिअरी अशी हातात घेऊन वापरायला शिकवली पाहिजे.

आणि या विषयाने स्वतःच्या चुकाही लपवू नयेत. इटलीतल्या लोंब्रोसोने १८७६ मध्ये कवट्या आणि चेहरे मोजून जन्मजात गुन्हेगार ओळखता येतो असं सांगितलं होतं आणि जगभर लोकांनी ते मान डोलावून घेतलं. १९१३ मध्ये इंग्लंडमधल्या गोरिंगने तीन हजारांच्या आसपास कैद्यांची मोजमापं इतरांशी ताडून दाखवलं की असा काही वेगळा नमुनाच नाही. तोंडावरूनच चोर वाटतो हे वाक्य आजही आपण सर्रास ऐकतो ना? वर्दीतल्या माणसाच्या तोंडी ते वाक्य आलं की एखाद्याचं आयुष्य बदलतं. म्हणून लोंब्रोसो शिकवायचा, त्याची कल्पना मेली नाहीये म्हणून.

चांगल्या हेतूने केलेली चूक त्याहून अवघड. १९७० च्या दशकात अमेरिकेत न्यू जर्सीतल्या राहवे तुरुंगात वाट चुकलेल्या मुलांना नेऊन जन्मठेपेच्या कैद्यांकडून घाबरवायचा कार्यक्रम सुरू झाला, स्केर्ड स्ट्रेट. ऐकायलाच इतका पटणारा की ठिकठिकाणी नक्कल झाली. पुढे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट करून केलेले प्रयोग एकत्र तपासले तर तुरुंग बघून आलेल्या मुलांनी न गेलेल्या मुलांपेक्षा जास्त गुन्हे केले होते. जास्त! म्हणजे काहीच केलं नसतं तर ती मुलं बरी राहिली असती. हे वाचलं की माझ्या पोटात अजून गोळा येतो, कारण ते कैदी, ते अधिकारी, ते शिक्षक सगळे मनापासून मदत करायला आले होते.

घरगुती मारहाणीचं तर आणखी गुंतागुंतीचं. मिनियापोलिसमध्येच १९८१-८२ मध्ये प्रयोग झाला, मारहाण करणाऱ्याला अटक करायची, की काही तासांसाठी घराबाहेर काढायचं, की समजावून सांगायचं, हे अधिकाऱ्याने ठरवायचं नाही, त्याच्या पॅडवरच्या पुढच्या कागदाचा रंग जो असेल ते करायचं. अटक झालेल्यांनी पुन्हा मारहाण केल्याचं प्रमाण बरंच कमी निघालं, १९८४ मध्ये निकाल छापून आला, आणि बऱ्याच ठिकाणी अटक सक्तीची झाली. मग इतर शहरांत तोच प्रयोग परत केला तेव्हा निकाल एकसारखे आले नाहीत, काही ठिकाणी तर ज्यांना नोकरी नव्हती अशा पुरुषांच्या बाबतीत अटकेनंतर हिंसा वाढलेली दिसली. पहिला प्रयोग करणारे लॉरेन्स शर्मन हेच त्यातल्या एका शहरातल्या पुन्हा केलेल्या प्रयोगातही होते, स्वतःचा गाजलेला निकाल स्वतःच परत तपासायला काढणं याला हिंमत लागते. ही हिंमत शिकवता येते असं मला वाटतं, आणि शिकवायची जागा युनिव्हर्सिटीच आहे, कारण नोकरीत चूक कबूल करण्याची किंमत फार असते, वर्गात नसते.

कुणी म्हणेल, मग असा प्रश्न विचारणारा मुलगा पोलिसात टिकेल का? हा खरा प्रश्न आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या बर्कली शहराची गोष्ट आठवते. तिथला पोलिसप्रमुख ऑगस्ट व्होल्मर स्वतः फारसा शिकलेला नव्हता, आधी पोस्टमन होता, पण पोलिसांनी युनिव्हर्सिटीत शिकावं यासाठी आयुष्यभर झटला, १९१६ पासून तिथल्या युनिव्हर्सिटीत पोलिसांसाठी कोर्स सुरू केले. त्यातून पुढे १९५० मध्ये क्रिमिनॉलॉजीचं स्वतंत्र स्कूल उभं राहिलं. आणि १९७६ मध्ये ते बंद पडलं. तोवर तिथले काही प्राध्यापक आणि विद्यार्थी पोलिसांवरच कडक टीका करायला लागले होते, वाद पेटला होता. मला दोन्ही बाजूंचं दुःख समजतं. पण पोलिसांना आवडेल तेवढंच शिकवणारा विभाग आणि पोलिसांशी बोलणंच सोडून दिलेला विभाग, दोन्ही विद्यार्थ्याच्या कामाचे नाहीत. सदरलँड या अमेरिकन अभ्यासकाने १९३९ मध्ये सूट-टायवाल्यांच्या गुन्ह्यांबद्दल बोलायला सुरुवात केली तेव्हा तेही अनेकांना टोचलं होतं, आज आर्थिक गुन्ह्यांचा तपास करणारी खाती त्याच वाटेवर काम करतायत.

म्हणून मला विचारणाऱ्या मुलांना मी आता असं सांगते. कोर्स निवडताना जाहिरात बघू नका, सिलॅबसमध्ये स्टॅटिस्टिक्स किती सेमिस्टर आहे ते बघा, खऱ्या नोंदी हाताळायला मिळतात का ते विचारा, शिकवणाऱ्यांत कधी पोलिस, तुरुंग किंवा प्रोबेशनमध्ये, म्हणजे तुरुंगाऐवजी देखरेखीखाली ठेवलेल्यांसोबत, काम केलेलं कोणी आहे का आणि कधी त्यांच्यावर टीका केलेलं कोणी आहे का, दोन्ही विचारा. सोबत कायदा, अकाउंट्स, कॉम्प्युटर, एखादी जास्तीची भाषा, यातलं काहीतरी घ्या. व्यायाम डिग्री संपल्यावर सुरू करू असं म्हणू नका. आणि शिकताना कदाचित कळेल की आपल्याला वर्दी नकोच आहे, क्राइम ॲनालिस्ट व्हायचंय, प्रोबेशनमध्ये जायचंय, पीडितांसोबत काम करायचंय, तर ते वाट चुकणं नाही.

ती दुचाकीवाली मुलगी सध्या भरतीची तयारी करतेय. मागच्या आठवड्यात तिचा मेसेज आला होता, शारीरिक चाचणीत थोडक्यात राहिली, पुन्हा देणार आहे. खाली अजून एक ओळ होती, मॅडम, तो फॉर्म बदलता येतो का हो, वेळेचे दोन रकाने केले तर, कधी लावली आणि कधी बघितली? मी तिला लिहिलं, आत गेलीस की पहिल्यांदा तेच विचार.